कंसातलं अक्षर

अध्यक्षांनी खिशातून भिंग काढलं, उजव्या डोळ्यात बसवलं आणि जिल्हा कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेल्या यादीला जवळजवळ नाक टेकवलं. मनगटी घड्याळाच्या पोटात अडकलेला केस या भिंगातून त्यांना सहज सापडायचा. आज ते एक मात्रा शोधत होते.

"नाहीच," मान न वळवता ते म्हणाले. "झेरॉक्समध्ये उडाली. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय."

मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीनं नुसती मान हलवली. त्या शाळेच्या कार्यालयात लिपिक होत्या आणि सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. गेले आठ दिवस या विषयावर मान हलवण्यापलीकडे बाई काही करत नव्हत्या.

आठ दिवसांपूर्वी राज्याचे दोन तुकडे करायचं विधेयक छापून आलं होतं. सीमेवरच्या ज्या गावांनी पूर्वी लेखी मागणी केली असेल ती नव्या राज्यात जाणार, बाकीची होती तिथेच राहणार. राहणाऱ्या भागाला विधेयकात ‘उर्वरित राज्य’ म्हटलं होतं. मागणी केलेल्या एकेचाळीस गावांची यादी सोबत जोडली होती, आणि तिच्या सतराव्या ओळीत अध्यक्षांच्या गावाचं नाव होतं. फक्त पुढच्या कंसातलं अक्षर भलतंच होतं.

त्या भागात एकाच नावाची दोन गावं होती, मध्ये कालवा. सरकारी कागदात एकाच्या पुढे कंसात ‘थो.’ लिहीत, दुसऱ्याच्या पुढे ‘धा.’. बोलताना मूळ नाव कुणी घेतच नसे. नुसतं थोरलं आणि धाकटं. नव्या राज्यासाठी एकतीस वर्षं सभा, मोर्चे, उपोषणं केली ती थोरल्यानं. यादीत छापलं होतं ‘धा.’. मात्रा उडाली की ‘थो’चा ‘था’ होतो, आणि ‘था’ला ‘धा’ वाचायला वेळ लागत नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं. ज्या धाकट्यात कधी कुणी एक घोषणा दिली नव्हती ते नव्या राज्यात चाललं होतं, आणि थोरलं उर्वरित झालं होतं.

बाजाराला आयतंच खेळणं मिळालं. अध्यक्ष सकाळी आपल्या घड्याळाच्या दुकानाचं कुलूप काढायला आले की समोरचा शिंपी मशीन थांबवून हाक मारायचा, "या उर्वरित!" आणि वर हसून विचारायचा, "किती वाजले हो तुमच्या राज्यात?"

अध्यक्षांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नव्या राज्याच्या मागणीसाठी स्थापलेल्या समितीचे ते अध्यक्ष, आणि समितीत आता ते एकटेच उरले होते. बाकीच्यांपैकी कुणी वारले, कुणी कंटाळले, दोघे निवडून आले आणि ओळख विसरले. अध्यक्ष मात्र चिकटून राहिले. तरुणपणी त्यांच्या वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक काना जास्त पडला होता. तो काढून घ्यायला त्यांना तीन वेळा राजधानीला जावं लागलं, जायला चौदा तास आणि यायला चौदा. तिसऱ्या खेपेला परतीच्या गाडीत उभ्यानं प्रवास करताना त्यांनी ठरवलं, की आपलं राज्य आपल्याला वेगळं पाहिजे. बाईंना ही हकिगत इतक्यांदा ऐकावी लागली होती की कुठल्या वाक्याला अध्यक्ष टेबलावर मूठ आपटणार हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या.

आज हरकती घ्यायचा शेवटचा दिवस होता. पाच वाजेपर्यंत.

खिडकीमागच्या कारकुनानं त्यांचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"हरकत आहे की दुरुस्ती?"

"दोन्ही."

"दोन्ही नसतं. ही चार नंबरची, हरकतीची खिडकी आहे. दुरुस्ती दोन नंबरला."

"दोन नंबरवाल्यांनीच इकडे पाठवलं!"

"तुम्ही आवाज चढवला असेल. त्यांना वाटलं, हरकत आहे."

"अहो, हरकत आहेच की मला!"

"मग द्या इथे. हरकतीवरचा निर्णय विधेयक मंजूर झाल्यावर होईल."

"मंजूर झाल्यावर? मग काय उपयोग त्याचा?"

"ते मला विचारू नका, काका. मी फक्त घेतो."

अध्यक्षांनी पिशवीतून घरची प्रत काढायला सांगितली. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आठ कागद त्यांच्या हातात दिले. सव्वीस वर्षांपूर्वी समितीनं सरकारला पाठवलेल्या निवेदनाची ही हातानं लिहिलेली आणखी एक प्रत. सतराव्या ओळीत गावाचं नाव, पुढे कंसात स्वच्छ, टपोरं ‘थो.’.

"हे बघा! याच यादीवरून तुम्ही छापलंय ना? इथे मात्रा दिसतेय का नाही? दिसतेय का नाही?"

"दिसतेय. पण ही तुमच्याकडची प्रत झाली."

"मग?"

"आमच्याकडची पाहिजे."

"मग बघा ना तुमच्याकडची!"

"ती राजधानीहून मागवलीय. वरच्या मजल्यावर आहे. दुरुस्ती अधिकाऱ्यांच्या ताब्यात." कारकुनानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि खिडकीची फळी खाली ओढली. "आता जेवणाची सुट्टी."

"ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे!" अध्यक्ष फळीवर बोलले. फळीनं काही उत्तर दिलं नाही.

दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. बाईंनी डबा उघडला. अध्यक्षांनी दोन घास खाल्ले आणि उरलेला वेळ ते या देशात साधं घड्याळसुद्धा कुणाला बरोबर लावता येत नाही यावर बोलत राहिले. शेजारच्या पायरीवर बसलेल्या दोन अनोळखी माणसांनाही त्यांनी त्यात ओढलं. बाईंचा फोन वाजला तेव्हा त्या चार पायऱ्या वर चढून गेल्या.

फोन धाकट्याहून होता. धाकटं हे बाईंचं माहेर. भाऊ तिथे सायकली दुरुस्त करायचा आणि दिवसातून एकदा तरी बहिणीला फोन करायचा.

"ताई, झालं का काही? भाऊजी कुणाला चावले तर नाहीत ना?"

"अजून नाही. तुमच्याकडे काय म्हणतायत?"

"इकडे? इकडे कुणाला काही कळेनासं झालंय. आम्ही मागितलं नव्हतं, पण मिळालंय तर लोकांना आता गोड वाटायला लागलंय. नवी राजधानी दीड तासावर येणार म्हणे. शेजारच्या आजी म्हणाल्या, आता मरायच्या आधी एकदा बघून येईन." तो हसला. मग म्हणाला, "खरं सांगू का ताई? चुकून का होईना, आपल्या गावाचं नाव एखाद्या यादीत पहिल्यांदाच आलं बघ."

"जेवलास का?" असं विचारून बाईंनी फोन ठेवला.

ती यादी बाईंनीच लिहिली होती. समितीचा प्रत्येक कागद त्यांच्याच हातचा होता. अध्यक्षांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. त्यामुळे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून निवेदनं, पत्रकं, ठराव, सभांच्या नोंदी, सगळं बाईंकडे आलं. अध्यक्ष येरझाऱ्या घालत सांगायचे, बाई लिहायच्या, शेवटी अध्यक्ष विचारायचे, "कुठे करायची?" आणि बोट ठेवलेल्या जागी झोकात सही ठोकायचे. सहीखाली दोन टिंबं. लिहिलेलं त्यांनी कधी वाचलं नाही. ‘तू लिहिलंयस ना? मग झालं,’ म्हणायचे. सुरुवातीला बाईंना तो विश्वास वाटला होता. त्याला दुसरं काही नाव असू शकतं हे कळायला बरीच वर्षं गेली.

आणि शाळेत त्याच बाईंचं अक्षर लोक तळहातावर घेऊन पाहायचे. दाखल्यांवर, प्रमाणपत्रांवर, प्रवेशाच्या नोंदवहीत इतक्या वर्षांत एका मुलाच्या जन्मतारखेत आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. मुख्याध्यापक बदलले की नव्यांना जुने सांगून जायचे, बाईंनी लिहिलेलं तपासत बसू नका.

पण यादी लिहिली तो दिवस बाईंना नीट आठवत होता. सकाळी भाऊ सायकल हाणत आला होता. वडिलांना छातीत दुखतंय, संध्याकाळच्या गाडीनं शहरातल्या दवाखान्यात नेतोय, जायच्या आधी ते तुला बघायचं म्हणतात. बाईंनी पदर खोचला होता, चपला पायांत घातल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "यादी आजच्या टपालानं गेली पाहिजे. तीन प्रती. एवढं उरक आणि मग जा." एकेचाळीस गावं आणि त्यांच्यापुढे तालुक्यांची नावं, तीनदा. पहिली प्रत झाली, दुसरी झाली. तिसरी लिहीत असताना स्टँडवर संध्याकाळच्या गाडीचा भोंगा वाजला. बाई चपला घालूनच लिहीत होत्या.

वडील त्या दुखण्यातून उठले, पुढे सहा वर्षं जगले. माहेरी गेल्यावर दर खेपेला डोळे मिचकावून विचारायचे, "काय गं, झाली का यादी पुरी?" घरात सगळे हसायचे. बाईही हसायच्या.

राजधानीला कुठली प्रत गेली, पहिली, दुसरी की तिसरी, हे बाईंना आठवत नव्हतं. आठ दिवस त्या नुसती मान हलवत होत्या, ते त्यामुळेच. झेरॉक्सनं मात्रा खाल्ली असेल, असं त्याही मनात म्हणत होत्या. देवानं एवढं करावं आणि दोष त्या यंत्राला द्यावा, असंही त्यांनी एकदा म्हणून पाहिलं होतं.

वरच्या मजल्यावर नंबर लागायला साडेतीन झाले. दुरुस्ती अधिकारी तिशीतली मुलगी होती. टेबलावर फायलींचे दोन ढीग आणि मधल्या फटीतून दिसणारा तिचा चष्मा. तिनं अध्यक्षांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, दाखल्यावरच्या कान्यासकट. मग उठून कपाटातून जाड दोऱ्यानं शिवलेलं बाड आणलं आणि पानं उलटायला लागली. बाईंनी पिशवीचे बंद मुठीत गुंडाळले.

"हे मूळ निवेदन," ती म्हणाली. "झेरॉक्स नाही, शाईतलं. बघा."

अध्यक्षांनी भिंग लावलं. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

सतराव्या ओळीत गावाचं नाव आणि पुढे कंसात ‘धा.’. मात्रा उडालेली नव्हती, पुसलेली नव्हती. ती तिथे कधी नव्हतीच. अक्षर ठसठशीत होतं, जरा घाईनं काढलेलं.

"हे…" अध्यक्षांनी भिंग काढलं, रुमालानं पुसलं, परत लावलं. "हे कसं काय?"

मग त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"अगं, हे तुझं अक्षर आहे."

"हो."

"धा लिहिलंस तू?"

"लिहिलंय, दिसतंय ना."

"सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी त्या कागदाच्या जिवावर…" अध्यक्षांचा आवाज वर चढला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली. "एक अक्षर! एकच अक्षर नीट काढायचं होतं तुला!"

"खाली सही तुमची आहे," बाई म्हणाल्या.

त्या हे इतक्या हळू म्हणाल्या की अध्यक्षांना ते ऐकू आलं नसावं. कदाचित आलंही असेल. ते अधिकाऱ्याकडे वळले होते.

"मॅडम, दुरुस्त करा हे. उघड चूक आहे. थोरल्याचा अध्यक्ष धाकट्यासाठी कशाला मागणी करेल?"

"करता येईल," ती म्हणाली. "लेखनातली चूक असेल तर मला अधिकार आहे. आजच करता येईल." तिनं खणातून जबाबाचा एक छापील नमुना काढला. "मात्र याच्यात जबाब ज्यानं यादी लिहिली त्याचा लागतो."

"समितीचा अध्यक्ष मी आहे. जबाब मी देतो."

"अक्षर तुमचं आहे का?"

"अक्षर हिचं, पण समिती माझी!"

"मग जबाब यांचा. तुमची सही खाली, संस्थाप्रमुख म्हणून."

बाईंनी नमुना हातात घेऊन वाचला. सगळा वाचला, बारीक टायपातल्या सूचनांसकट. मधोमध एक ओळ होती: दोन रिकाम्या जागा आणि त्यांच्या मध्ये छापलेला एकच शब्द, ‘ऐवजी’.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"थोरलं घालायचं आणि धाकटंही राहू द्यायचं, असं होईल? म्हणजे ‘ऐवजी’ नको. दोन्ही."

"अगं, कशाला आता ते!" अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. "आपलं काय ते बघ ना!"

आपलं म्हणजे काय, हे बाईंनी त्यांना विचारलं नाही. अधिकारी मुलीनं चष्मा वर सरकवला. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"तसं केलं तर ती नवी मागणी धरतात, काकू. नव्या मागणीची मुदत मी शाळेत होते तेव्हाच संपली. चूक होती असं लिहून दिलंत तरच मला काही करता येईल. आणि चूक म्हटली, की एक येणार आणि एक जाणार."

"म्हणजे धाकटं लिहिणं ही चूक होती, असं मी लिहून द्यायचं."

"हो."

"लिही ना पटकन," अध्यक्ष म्हणाले. "त्यांच्या घड्याळात साडेचार होत आले. तेही धड नाही. चार वीसच झालेत, पण त्यांना कोण सांगणार!"

बाई खुर्चीत बसल्या. पर्समधून स्वतःचं पेन काढलं. पहिल्या रकान्यात पूर्ण नाव लिहायचं होतं. एकतीस वर्षांच्या चळवळीत शेकडो कागद त्यांच्या हातून गेले होते, आणि त्यांचं स्वतःचं नाव एकाही कागदावर नव्हतं. आज पहिल्यांदा येत होतं, तेही चूक करणारी म्हणून. बाईंना अचानक हसू आलं आणि तेवढ्यातच डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही आवरून त्यांनी नाव लिहिलं, दाखल्यावर लिहीत तसं, एकसारख्या टपोऱ्या अक्षरात.

दुसरा रकाना. ‘धा.’ ऐवजी ‘थो.’. पाच अक्षरंही नाहीत, पण त्या ओळीला जितका वेळ लागला तितका उरलेल्या सगळ्या कागदाला लागला नाही. ‘धा’ काढताना हात अडला नाही. लहानपणापासून वहीवर, पुस्तकावर, पत्राच्या पाठीवर तेच काढत आलेल्या हाताला ते पाठ होतं. ‘थो’ काढताना त्यांनी मात्रा अशी लांब ओढली, की पुन्हा कुठल्या यंत्राला ती खाता येऊ नये.

तिसरा रकाना, ‘चुकीचे कारण’.

बाई थांबल्या. खिडकीतून खालच्या आवारातला गोंगाट ऐकू येत होता. कुणीतरी कुणाला तरी चार नंबरला जा म्हणून सांगत होतं. अध्यक्ष खुर्चीमागे उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि जिभेनं चक् चक् आवाज काढत होते.

"‘नजरचुकीने’ असं लिही," ते म्हणाले. "तसंच लिहितात."

बाईंनी मान हलवली आणि लिहिलं:

‘लिहिणारीचे माहेर धाकटे. लिहिताना तिचे मन तिथे होते. सही करणाऱ्याने सहीपूर्वी वाचले नाही.’

पूर्णविराम देऊन खाली सही केली. मग कागद फिरवून अध्यक्षांसमोर सरळ ठेवला, अक्षरं त्यांच्याकडे येतील असा. पेन मात्र हातातच ठेवलं.

"कुठे करायची?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी वाचा."

"काय?"

"वाचा एकदा. तीन ओळी आहेत."

"अगं बाई, वेळ कुठला काढतेस आता!" त्यांनी पेन बाईंच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. "तू लिहिलंयस ना? मग झालं."

भिंग त्यांच्या बोटांत होतं. ते त्यांनी खिशात ठेवलं, मोकळ्या हातानं कागद दाबून धरला आणि सही केली. झोकात. खाली दोन टिंबं.

अधिकारी मुलीनं कागद ओढून घेतला आणि ती वरून खाली वाचत आली. तिसऱ्या रकान्यावर तिची नजर थांबली. एकदा पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"अध्यक्ष," ती सावकाश म्हणाली, "आपण हे वाचलंय ना?"

"एकतीस वर्षं हीच लिहितेय, मॅडम. त्यात वाचायचं काय?"

तिनं बाईंकडे पाहिलं. बाई पेनाला टोपण लावत होत्या, टोपण बसल्याचा आवाज येईपर्यंत नीट दाबून. मुलगी काही विचारणार होती, पण तिनं विचारलं नाही. शिक्का उचलला, शाईवर टेकवला आणि जरुरीपेक्षा जरा जोरातच मारला. मग त्या भरलेल्या कागदाची एक प्रत काढून आणली, तिच्यावरही शिक्का मारला.

"ही तुमची पोच. थोरलं आता नव्या राज्यात."

अध्यक्षांनी दोन्ही हात जोडले. बाईंना त्या क्षणी त्यांची कीवही आली, कारण एवढ्या वर्षांत कुठल्याही खिडकीवर त्यांचं काम एका दिवसात झालेलं नव्हतं आणि आता कुणाला ओरडावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "उद्या येऊन फुकट लावून देतो," ते म्हणाले.

जिना उतरताना फोन वाजला. अध्यक्ष पुढे गेले होते, शिंपी आता काय म्हणतो ते बघतोच, असं काहीतरी मोठ्यानं बोलत. बाई मधल्या वळणावर थांबल्या.

"ताई, काय झालं गं?"

"झालं. थोरलं गेलं यादीत."

"आणि आपलं?"

बाईंनी कठड्यावर हात ठेवला. कठडा लोखंडाचा होता, गार.

"निघालं रे. मीच लिहून दिलं."

पलीकडे कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. दोनदा वाजली, मग थांबली.

"असू दे," भाऊ म्हणाला. आणि अगदी वडिलांसारखं खोल हसून, "म्हणजे झाली म्हणायची एकदाची यादी पुरी."

"झाली," बाई म्हणाल्या. "रविवारी येते," एवढं म्हणून त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि नाक पुसलं.

खाली फाटकापाशी अध्यक्ष उन्हात उभे होते. पोच त्यांनी दोन्ही हातांत समोर धरली होती आणि शिक्क्याकडे बघत होते. गोल, जांभळा, न पसरलेला शिक्का. आयुष्यात पहिल्यांदा सगळं बरोबर आलेला कागद.

"हा कागद आता ट्रंकेत नाही टाकायचा," ते म्हणाले. "चौकटीत बसवायचा. दुकानात, गल्ल्याच्या वर, अगदी समोर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसला पाहिजे. त्या शिंप्याला तर आधी बोलावतो बघायला. काय म्हणतेस?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अध्यक्ष अजून शिक्क्याकडेच बघत होते.

"लावा ना," त्या म्हणाल्या. "फक्त काच चांगली स्वच्छ घ्या. लोकांना वाचता आलं पाहिजे."